बुसोनचा कागद आणि नाणेघाटाचं पाणी

आजचा एपिसोड जपानी चित्रांवर आहे, पण रस्ता जुन्नरवरून जातो. मी महाळुंगे पडवळचा, तेवढा पक्षपात चालवून घ्या.

१६८९ मध्ये बाशो हा कवी एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, उत्तरेकडे पायी निघाला. त्या प्रवासाचं पुस्तक तो गेल्यावर, १७०२ मध्ये छापून आलं. थोडं गद्य, मध्येच हायकू. पुढे १७७८-७९ च्या सुमारास बुसोनने ते अख्खं पुस्तक हाताने उतरवून काढलं आणि मजकुराच्या अधेमधे चित्रं रंगवली. हा बाबा स्वतः कवीपण आणि चित्रकारपण. गंमत बघा, त्या चित्रांत डोंगर-नद्या फारशा नाहीतच, नुसती माणसं. निसर्ग शब्दांत आहे, तो वाचणाऱ्याने मनात काढायचा.

आता आपला नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरचा माल इथून जुन्नरला चढायचा. लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. माथ्यावर दगडी रांजण, आणि वाटसरूंसाठी खडकात खोदलेली पाण्याची टाकी.

याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या दोन-दोन ओळींच्या सुमारे सातशे गाथा. त्यात वाटसरू पावलोपावली भेटतो. एका गाथेत तो ओंजळीने पाणी पितोय, पण नजर वर, पाणी घालणाऱ्या मुलीकडे. बोटं मुद्दाम सैल सोडतो, पाणी गळून जातं. तीही धार बारीक करते. संपलं! कुणी कुणाशी बोललेलं नाही.

ही गाथा नाणेघाटातलीच, असा दावा मी करणार नाही. पण टाकी बघितली की मला तीच आठवते. हे चित्रच आहे ना, फक्त कुणी रंगवलं नाही. चित्रकार नव्हते असंही नाही. अजिंठ्याच्या ९ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांत सातवाहन काळातली चित्रं आहेत, पण विषय बौद्ध कथांचे. गाथांना बुसोन मिळाला नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, स्टेटस सगळ्यांनी ठेवले. गाथा किती जणांनी उघडली?

उलट्या धबधब्याची रील काढायला पावसाळ्यात गर्दी होतेच. तुम्ही हिवाळ्यात जा, खालून वैशाखऱ्याच्या बाजूने चढा. लेख झिजलाय, त्याला हात लावू नका. शेजारच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांची नावं कोरलीत. खाली मूर्ती होत्या, आता फक्त पावलांच्या खुणा उरल्यात.