चोरनळ्या

आमच्या स्वयंपाकघरातला नळ गेल्या उन्हाळ्यात एकाएकी म्हातारा झाला. धार म्हणावी अशी उरलीच नाही. "कळशी भरायला अकरा मिनिटं!" सौ.नं घड्याळ लावून जाहीर केलं. मी पडलो इतिहासाचा माणूस. पान्हा शोधायचा सोडून कपाटातला फ्राँटिनस काढला.

हे गृहस्थ एके काळी ब्रिटनचे सुभेदार होते. इ. स. ९७ मध्ये नेर्वा बादशहानं त्यांना रोमच्या पाणीखात्यावर बसवलं. शहराला नऊ कालवे, पण पाण्याचा हिशेब जुळेना. मग स्वारीनं थेट कालव्यांच्या मुखाशी मोजमाप घेतलं. तर काय, दप्तरात होतं त्यापेक्षा पाणी जास्तच येत होतं! मुरत होतं मध्येच. खात्यातले पाणके मंजुरीपेक्षा मोठ्या, बिनशिक्क्याच्या तोट्या बसवीत. पाण्याचा हक्क नव्या मालकाकडे गेला की टाकीला नवं भोक पाडीत आणि जुन्या भोकातून पाणी विकून खात. फरसबंदीखालच्या नळ्यांना तर जागोजाग छिद्रं. उपटलेल्या चोरनळ्यांचं शिसंच इतकं निघालं, की त्यावरून चोरीचा अंदाज यावा!

पुस्तक मिटलं आणि माझी नजर आपोआप छताकडे गेली. वरच्या नानांनी नुकतीच नवी तोटी बसवली होती. मी वर जाऊन त्यांना चार शब्द सुनावले. चार कसले, चांगले चाळीस. नाना काही बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून पेपर वाचायला खाली येईनासे झाले. सत्तावीस वर्षांचा परिपाठ हो!

आठवड्यानं प्लंबर उगवला. त्यानं पहिलाच प्रश्न केला, "सगळेच नळ मंद, की हा एकच?"

न्हाणीघरातला नळ धो धो वाहत होता. तो मी पाहिलाच नव्हता! नाना चोर असते, तर तोही आटला असता. प्लंबरनं तोटीच्या तोंडाची जाळी फिरवून काढली आणि माझ्या तळहातावर आपटली. चिमूटभर वाळू आणि जुन्या लोखंडी पाइपातले गंजाचे पोपडे. फ्राँटिनसनं आधी मोजलं, मग माणसं धरली. मी नेमकं उलटं केलं होतं.

संध्याकाळी ते पोपडे पुडीत बांधून वर गेलो. नानांनी पुडी उघडली, चष्मा पुसून पाहिली.

"अगं, चहा टाक," ते आत वळून म्हणाले, "रोमहून पाहुणे आलेत."