ईश्वराच्या प्रश्नावर बुद्ध मौन होते काय?

ईश्वर आहे की नाही, या प्रश्नावर भगवान बुद्धांनी मौन पाळले, असे विधान व्याख्यानांतून व लेखांतून वारंवार केले जाते. धम्माचे अभ्यासकही ते पुष्कळदा निमूटपणे स्वीकारतात. परंतु पालि वाङ्मयाची साक्ष निराळी आहे, आणि नंतरच्या बौद्ध आचार्यांची वादपरंपरा तर या विधानाच्या सर्वस्वी विरुद्ध जाते.

तथागतांनी ज्या प्रश्नांची उत्तरे देण्याचे नाकारले, ते मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्तात एकेक करून सांगितले आहेत. लोक शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनन्त. जीव आणि शरीर एकच की भिन्न. मरणानंतर तथागत असतात, नसतात, असतात आणि नसतातही, की असतही नाहीत आणि नसतही नाहीत, असे हे दहा प्रश्न होत. या यादीत ईश्वराचा प्रश्न नाही. तो अव्याकृत नव्हे. त्याचे उत्तर दिले गेले आहे.

हे उत्तर अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातातील तित्थ सुत्तात सापडते. मनुष्य जे सुखदुःख भोगतो त्या सर्वांचे कारण पूर्वकर्म आहे, असे एक मत. ते सर्व ईश्वराने निर्माण केले आहे, असे दुसरे. आणि त्याला कारणच नाही, असे तिसरे. तथागत या तिन्ही मतांना एकाच कसोटीवर घासतात. सर्व काही ईश्वरनिर्मित असेल, तर खुनी ईश्वरामुळेच खुनी होतो आणि चोर ईश्वरामुळेच चोर. मग काय करावे व काय करू नये, हा विवेक उरत नाही; प्रयत्नाला अर्थ उरत नाही. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. सर्व काही पूर्वकर्मावर सोपविणारे मतही येथे ईश्वरवादाच्या पंक्तीलाच बसविले आहे. ज्या समाजात माणसाचे हीनत्व कधी देवाच्या इच्छेने, तर कधी मागल्या जन्मीच्या पापाने समर्थिले गेले, त्या समाजाला या सुत्ताचे मोल वेगळे सांगावयास नको.

दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्त आणखी पुढे जाते. निर्मात्याची कल्पना कशी उपजते, हेच ते सांगते. रिकाम्या ब्रह्मलोकात प्रथम जन्मलेला एक जीव एकटेपणाने कंटाळतो आणि सोबतीची इच्छा करतो. इतर जीव आपापल्या कारणांनी तेथे येतात. पण आपल्या इच्छेमुळेच ते आले, असे त्याला वाटते. तो आपल्या आधीचा आहे हे पाहून त्यांनाही तेच खरे वाटते. केवळ आधी असणे म्हणजे कारण असणे नव्हे, हा या कथेचा गाभा आहे.

पुढे नैयायिकांनी ईश्वरसिद्धीसाठी अनुमान रचले. घट हे कार्य आहे आणि त्याला कुंभार हा बुद्धिमान कर्ता आहे. पृथ्वी, पर्वत, अंकुर हीदेखील कार्ये आहेत. म्हणून त्यांनाही बुद्धिमान कर्ता असला पाहिजे. सातव्या शतकात आचार्य धर्मकीर्तींनी प्रमाणवार्तिकात याला उत्तर दिले. मातीला आकार आला एवढ्यावरून कुंभाराचे अनुमान करावयाचे, तर वारूळही कुंभारानेच घडविले म्हणावे लागेल! शस्त्राने जखम होते आणि औषधाने ती बरी होते, हा संबंध आपण पाहतो. ज्याचा असा संबंध कधी दिसला नाही त्याला कारण मानावयाचे, तर एखाद्या खांबालाच कारण का मानू नये? शिवाय जो नित्य आणि अविकारी आहे, तो आज निर्माण करतो व काल करीत नव्हता, हे कसे संभवते?

आठव्या शतकात शांतरक्षितांनी तत्त्वसंग्रहात या प्रश्नासाठी स्वतंत्र प्रकरण योजिले. घरे, वाडे अनेक माणसे मिळून बांधतात आणि ती माणसे अनित्य असतात. तेव्हा या दृष्टांतावरून एकच, नित्य व सर्वज्ञ कर्ता सिद्ध होत नाही, असे त्यांनी दाखविले.

नैयायिकही स्वस्थ बसले नाहीत. रानातल्या अंकुराला कर्ता दिसत नाही, या आक्षेपावर ते म्हणत की अंकुराचाच तर वाद चालू आहे. वादग्रस्त वस्तू प्रतिदृष्टांत म्हणून पुढे करता येणार नाही. हे उत्तर दुबळे नव्हते. अकराव्या शतकात विक्रमशिला महाविहाराचे रत्नकीर्ती यांनी वाचस्पती मिश्र आदींची मते घेऊन त्याचा परामर्श घेतला. कर्ता नसेल तर कार्य होत नाही, हे कळल्याखेरीज कार्यकारणाचा नियम ठरत नाही. पण जो अदृश्य आणि सर्वत्र असल्याचे मानले जाते, त्याचा अभाव कोठे आणि कसा पाहावयाचा? आणि नियम दृश्य कर्त्यापुरताच मानला, तर त्यावरून देहधारी कर्ताच सिद्ध होईल, ईश्वर नव्हे.

या वादाचे पुढे काय झाले? महाविहार नष्ट झाले. उदयनाचार्यांचा न्यायकुसुमांजली येथील पाठशाळांतून शिकविला जात राहिला. रत्नकीर्तींचे उत्तर मात्र तिबेटातील विहारांत पडून राहिले. राहुल सांकृत्यायन यांनी 1930 च्या दशकात तेथील हस्तलिखितांचा शोध घेतला, आणि रत्नकीर्तींचे निबंध अनंतलाल ठाकूर यांच्या संपादनाने 1957 मध्ये पाटण्याहून प्रसिद्ध झाले. म्हणजे कित्येक शतके या देशाने एका वादाची एकच बाजू ऐकली. एका पक्षाचे ग्रंथ नाहीसे झाले, आणि त्यालाच पुढे त्या पक्षाचे मौन समजले गेले.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा आरंभ देवांच्या नकाराने होतो. तो नकार परका नाही, नवाही नाही. परंतु तित्थ सुत्ताची कसोटी आपल्यालाही लागू आहे. ईश्वर नाकारला, म्हणजे आपल्या कृत्यांचा भार दुसऱ्या कोणावर टाकण्याची सोय संपली. करणे आणि न करणे यांचा विवेक ज्याने स्वतःकडे घेतला, त्याचाच तो नकार पूर्ण झाला.