घोड्यांच्या गोष्टी, उसाच्या गोष्टी

होसकोट्याच्या आमच्या घरी रात्रीची जेवणं आटोपली की आजोबा गोष्ट सांगायला बसत, आणि त्या गोष्टींत घोडे असत. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे या मुलखात आले. बेंगळूरची जहागीर त्यांच्याकडे आली, तीत कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे यांच्याबरोबर आमचं होसकोटेही होतं. पुढे १७६८ च्या ऑगस्टात गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांची छावणी इथे पडली आणि हैदरअलीने तिच्यावर रात्री छापा घातला. आजोबा तो छापा असा सांगत की तळ्याच्या बाजूने टापा ऐकू येताहेत असं आम्हा मुलांना वाटे.

चुलत आजीच्या गोष्टी निराळ्या. ती मालगुंडची, लग्न होऊन इकडे आली. तिच्या माहेरच्या गोष्टींत भात, भरती-ओहोटी, सावकार, आणि एक हरवलेला माणूस होता. तिच्या आजोबांचे काका मुंबईला गिरणीत लागतो म्हणून निघाले ते परतले नाहीत. बऱ्याच वर्षांनी गावातल्या कुणी सांगितलं, तो मोरिसच्या बोटीत चढला.

एका रात्री ही दोन्ही सूत्रं जुळली. आजोबा टिपूची गोष्ट सांगत होते. इंग्रजांविरुद्ध मदत मागायला टिपूने फ्रेंचांच्या एका बेटावर वकील पाठवले. तिथला गव्हर्नर मालार्तिक याने १७९८ च्या जानेवारीत सैन्यभरतीचा जाहीरनामाच काढला. गुप्त राहायची ती मसलत बंदरभर झाली. मंगळूरला प्रत्यक्षात उतरले शंभराच्याही आत लोक. पण इंग्रजांचा गव्हर्नर जनरल वेलस्ली याला निमित्त हवंच होतं, आणि १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडलं. आजी निवडत असलेले तांदूळ बाजूला सारून म्हणाली, “आमचे काका गेले ते हेच का हो बेट?”

हेच, मोरिस म्हणजे मॉरिशस. डच १७१० साली ते सोडून गेले, फ्रेंचांनी तिथे गुलामांकरवी ऊस वाढवला, आणि १८१० च्या डिसेंबरात इंग्रजांनी ते घेतलं. त्यानंतर मुंबई आणि बंगालकडचे कैदी तिथल्या रस्त्यांवर राबले. १८३६ साली तिथे थांबलेल्या डार्विनने त्यांना पाहिलं होतं. गुलामगिरी १८३५ साली उठली. मळेवाल्यांनी त्याच्या आधीपासूनच हिंदी मजूर आणायला सुरुवात केली होती. १८३४ च्या नोव्हेंबरात ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ जण उतरले, आणि पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या पायऱ्या चढली. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचा. करार संपवून मोकळा झालेला माणूसही फोटो लावलेला पास जवळ नसेल तर पकडला जाई. १८७१ साली ९,४०१ जणांनी अर्जावर सह्या-अंगठे केले, तेव्हा कुठे चौकशी आयोग आला. त्या बेटावरची मोरस साखर मुंबईला उतरे आणि मालगुंडला सणावारी वाटीभर येई. ती आपल्याच माणसाने तोडलेल्या उसाची असेल, हे तिथे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बेंगळूरच्या एका कॉलेजात शिकणारा मॉरिशसचा एक मराठी मुलगा गेल्या गणपतीला आमच्याकडे आला होता. घरी क्रेओल बोलतो, पण आरत्या सगळ्या तोंडपाठ. तिकडे गणेशचतुर्थीची सरकारी सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तिथली मराठी मंडळी अजून नाचतात. त्याचं आडनाव म्हणजे बोटीतून उतरलेल्या पूर्वजाचं नुसतं नाव. कारकुनाने विचारलं, त्याने नाव सांगितलं, तेच वंशाला चिकटलं.

आजीने त्याला शेजारी बसवून घेतलं. तो त्याच्या घरच्या गोष्टी सांगू लागला. दगड उलटला की खाली सोनं सापडतं, असं सांगून मुकादमाने नेलं होतं म्हणे. १९४८ साली साधं लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळालं, म्हणून त्याचे पणजोबा दिवसभर ऊस तोडून रात्री बैठकीत पाटीवर सही गिरवायचे. १२ मार्च १९६८ ला शाँ द मार्सच्या मैदानावर नवा झेंडा चढला, तेव्हा त्याचे आजोबा गर्दीत होते.

पण त्याच आजोबांनी १९७३ साली धक्क्यावर दुसरं दृश्य पाहिलं. स्वातंत्र्य देण्याआधी, १९६५ साली, ब्रिटनने चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली होती. त्यांतल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ व्हायचा म्हणून तिथली माणसं उचलली. शेवटच्या बोटीतल्या लोकांनी पोर्ट लुईला उतरायलाच नकार दिला. बोटीने आणलेल्यांची नातवंडं बोटीने हाकललेल्यांकडे पाहत उभी होती. २०२५ च्या मे महिन्यात बेटं परत देण्याचा करार झाला, त्यातही तळ ९९ वर्षं तिथेच राहायचा. मला या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय हाच वाटतो. मजुरांना निदान खोटं बोलून का होईना विचारलं तरी होतं.

मग त्याने मोकाच्या महात्मा गांधी संस्थेतून आणलेली, त्या पूर्वजाची नोंद असलेल्या नोंदवहीच्या पानाची प्रत काढली. नंबर, जहाज, बापाचं नाव, वय, उंची, डाव्या भुवईवर व्रण. जिल्हा रत्नागिरी. गावाचं नाव मात्र साहेबी कानाने ऐकून लिहिलेलं, कुठल्याच नकाशावर न सापडणारं. आजीने त्याला ते पाच-सहा वेळा मोठ्याने वाचायला लावलं.

“गणपतीपुळ्याच्या अलीकडचं की पलीकडचं, एवढंच कळायला हवं रे बाळा.”

“आजी, तुम्ही सांगाल तिथे जाईन.”

आजोबांनी आम्हाला जहागिरीचा अभिमान शिकवला, आणि तो मी टाकणार नाही. पण शहाजीराजांच्या मागे फौज होती, विजापूरचा शिक्का होता. नोंदवहीतल्या या माणसाच्या मागे काहीच नव्हतं, आणि तरी त्याच्या खापरपणतवाच्या तोंडी सुखकर्ता आहे. आमच्या घरच्या मुलांनी ही गोष्टसुद्धा त्याच मानाने सांगावी असं मला फार वाटतं.

आजीने त्या नावाशी जुळणारी तीन गावं काढली आहेत. मे महिन्यात तो रत्नागिरीला जातो आहे. कुठल्या गावात कुणाकडे उतरायचं आणि कुणाचं नाव सांगायचं, ते तिने त्याला कागदावर लिहून दिलं आहे.