भोपळा, दोर आणि ८८ टक्के

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि इथल्या कित्येक पिढ्या ‘गंगेवर’च पोहायला शिकल्या. आज मुलं महापालिकेच्या सावरकर तलावावर जातात. पण घरातल्या आजोबांना विचारून बघा. पाठीला वाळका भोपळा, पांगाऱ्याचं लाकूड नाहीतर रॉकेलचा रिकामा डबा, यातलं काहीतरी निघेलच. हा इतिहास मी तुम्हाला सांगतेय, कारण संशोधनातली एक नेहमीची अडचण त्यात स्वच्छ दिसते.

आधी थोडं विज्ञान. वाळक्या भोपळ्यात हवा असते, पांगाऱ्याचं लाकूड पाण्यापेक्षा बरंच हलकं असतं. दोन्ही मुलाला वर उचलतात, पण पाठीकडून. अंग तरंगतं, तोंड मात्र पाण्याकडेच राहतं. मूल दमून मान टाकेल, तर भोपळा असूनही नाकातोंडात पाणी जाणार. (चांगल्या लाइफ जॅकेटमध्ये तरंगणारा भाग छातीकडे जास्त असतो, तो यासाठीच.) म्हणून भोपळ्याच्या जोडीला कमरेला दोर बांधायचे आणि त्याचं दुसरं टोक काठावरच्या काका-मामाच्या हातात असायचं.

आता सांगा, मूल सुखरूप राहिलं ते भोपळ्यामुळे, दोरामुळे, की मामाची नजर होती म्हणून? तिन्ही एकत्रच असतील तर श्रेय वेगळं काढता येत नाही. यालाच आपण कन्फाउंडिंग म्हणतो.

हाच पेच मोठ्या संशोधनातही आला. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत होतं, की चौथ्या वाढदिवसाआधी मुलं पोहण्याच्या रीतसर शिकवणीला तयार नसतात. लहानपणी शिकवलं तर पाण्याची भीती जाईल आणि आईवडील गाफील राहतील, ही काळजीही होती. मग २००९ साली ब्रेनर आणि सहकाऱ्यांचा केस-कंट्रोल अभ्यास आला. १ ते ४ वयोगटात बुडून दगावलेल्या ६१ मुलांपैकी फक्त २ जणांनी पोहण्याचे धडे घेतले होते. तुलनेच्या १३४ मुलांत अशी ३५ होती. निष्कर्ष निघाला, की धोका ८८ टक्क्यांनी कमी. पुढच्याच वर्षी संघटनेने भूमिका सैल केली आणि २०१९ पर्यंत ती साधारण पहिल्या वर्षापर्यंत खाली आली.

पण ८८ वर थांबू नका, त्याच्या शेजारचा कंस वाचा. ९५ टक्के विश्वास-अंतरानुसार ऑड्स रेशो ०.०१ ते ०.९७. म्हणजे फायदा जवळजवळ पूर्ण असेल किंवा जेमतेम ३ टक्के. शिवाय जे आईवडील शिकवणी लावतात, ते पाण्याजवळ लक्षही जास्त ठेवत असतील. संशोधकांनी असे घटक आकडेमोडीत धरले तरी नजर मोजणं अवघडच. मामा इथेही काठावर उभा आहेच.

बांगलादेशात दोन्ही गोष्टी वयानुसार वेगळ्या केल्या गेल्या. अगदी लहान मुलांना दिवसा सांभाळणारी ‘आंचल’ केंद्रं, आणि चार वर्षांपुढच्यांना ‘स्विमसेफ’मध्ये पोहण्याचे धडे. २०१२ साली छापलेल्या निकालात दोन्हीकडे बुडण्याचं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त घटलेलं दिसलं. आंचलमध्ये तर पोहणं शिकवलंच नव्हतं, तिथे काम केलं ते नजरेने. जागतिक आरोग्य संघटनाही शाळेच्या वयाच्या, म्हणजे सहा वर्षांपुढच्या मुलांना पोहणं शिकवा आणि त्याहून लहानांसाठी देखरेखीची सोय करा, असं सांगते.

तुमच्या प्रबंधात एखादा उपाय ‘परिणामकारक’ ठरला, की त्याच्यासोबत आणखी काय काय बांधलेलं होतं त्याची यादी आधी करा. आणि मे महिन्यात भाचरांना तलावावर नेलंत, तर ट्यूब असो, फ्लोट असो, मोबाइल पिशवीत ठेवून हात पोचेल इतक्या अंतरावर पाण्यात उतरा.