काचपट्टी आणि नोंदवही

मूत्राशयातील कर्करोग उघड्या डोळ्यांना जसा दिसतो तसा तो असतोच असे नाही. फुलकोबीसारखी फोफावलेली गाठ पुष्कळदा सौम्य निघते, आणि नजरेत न भरणारा सपाट लालसर डाग प्राणावर बेततो. म्हणूनच रोग्याच्या आयुष्याचे उत्तर गाठीच्या तुकड्यात शोधण्याची पद्धत पडली. तिच्या शंभर वर्षांच्या इतिहासात सूक्ष्मदर्शक यंत्राला मोठा मान मिळाला; नोंदवहीची मात्र फारशी आठवण कोणी ठेवली नाही. आम्ही पेशाने केंद्र सरकारचे कारकून. तेव्हा नोंदवहीचा कैवार घेण्याचा आमचा पक्षपात वाचक क्षम्य मानतील.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये ब्रॉडर्स यांनी १९२० मध्ये ओठाच्या, आणि १९२२ मध्ये मूत्रमार्ग व जननेंद्रियांच्या कर्करोगांची चार प्रतींत विभागणी केली. पेशी आपले मूळ रूप जितक्या विसरल्या असतील तितकी प्रत वरची. परंतु या प्रतींना अर्थ आला तो रोग्यांचे पुढे काय झाले हे त्यांच्याशी ताडून पाहिल्यामुळे.

१९४६ मध्ये बाल्टिमोरच्या ज्युएट व स्ट्राँग यांनी १०७ शवविच्छेदनांवरून दुसरा प्रश्न विचारला: गाठ मूत्राशयाच्या भिंतीत किती खोल गेली आहे? ३ प्रेतांत ती अस्तराखालीच थांबली होती, १५ मध्ये स्नायूत शिरली होती, आणि ८९ मध्ये भिंत ओलांडून गेली होती. खोली वाढेल तसा रोग शरीरभर पसरलेला आढळला. आजही उपचाराचा पहिला निर्णय या स्नायूपाशीच होतो. स्नायू मोकळा असेल तर बहुधा गाठ खरवडून मूत्राशयात औषध सोडता येते. तो ग्रासला असेल तर बहुधा मूत्राशयच काढण्याचा किंवा किरणोपचाराचा विचार करावा लागतो.

आपल्याकडे या विद्येचा पाया घातला तो डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी. १९४१ मध्ये मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले तेव्हा तेथील प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या. काचपट्टीबरोबरच रोग्याच्या चालीरीती आणि तंबाखूसारख्या सवयी यांचाही ते शोध घेत. तथापि रुग्णालयातून बाहेर पडलेला रोगी किती वर्षे जगला, हे सांगण्यास शहराची किंवा तालुक्याची नोंदणी लागते. मुंबईत ती १९६३ मध्ये सुरू झाली.

आम्ही राहतो त्या शोळिंगनल्लूरहून जुन्या महाबलीपुरम् रस्त्याने उत्तरेस गेले की अड्यार लागते. तेथे डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या खटपटीने १९५४ मध्ये अवघ्या १२ खाटांची कर्करोग संस्था उघडली, आणि १९८० नंतरच्या दशकात मद्रास शहराची नोंदणी तिच्याकडे आली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने भारतातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू केली. दोन्हीकडे अडचण एकच. ज्याच्या मृत्यूची नोंद नाही, तो कागदावर जिवंतच राहतो! सरकारी दाखल्यांवर विसंबावे तर रोगी उगीच दीर्घायुषी ठरतात. म्हणून नोंदणीची माणसे पत्ता शोधीत घरोघर गेली. १९९८ मध्ये विकसनशील देशांतील कर्करोग्यांच्या आयुर्मर्यादेवर जो आंतरराष्ट्रीय ग्रंथ निघाला, त्यात मुंबई, मद्रास, बंगळूर यांच्या पंक्तीस बार्शी बसली ती या पायपिटीमुळे. आम्हांस हा पराक्रम काचपट्टीच्या शोधाहून उणा वाटत नाही.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. नोंदणीच्या रकान्यांत रोगाचे वर्णन बहुधा स्थानिक, लगतचा आणि दूर पसरलेला एवढेच असते. स्नायू मोकळा असलेला आणि स्नायू ग्रासलेला असे दोन्ही रोगी ‘स्थानिक’ या एकाच रकान्यात पडू शकतात. तेव्हा रोगनिदानाच्या कागदावर प्रत आणि खोली स्पष्ट लिहावी लागते. खरवडलेल्या तुकड्यात स्नायूच आला नसेल, तर तेही नमूद करावे लागते; कारण ‘स्नायूत शिरकाव नाही’ आणि ‘स्नायू मिळाला नाही’ हे दोन निराळे शेरे आहेत, आणि दुसरा शेरा असेल तर रोग्यास पुन्हा शस्त्रक्रियेच्या मेजावर जावे लागण्याचा संभव असतो.