कुम्हारीहून प्रवाळबेटांकडे : स्कूबा डायव्हिंगच्या सहलीचे नियोजन

छत्तीसगढमधील कुम्हारी हे रायपूर आणि भिलाई यांच्या मधोमध, खारून नदीच्या अलीकडे वसलेले गाव आहे. समुद्र येथून कोणत्याही दिशेने दूरच. लोहमार्गाने रायपूर ते विशाखापट्टणम अंतर सुमारे सव्वापाचशे किलोमीटर, हावडा सुमारे ८३० किलोमीटर, तर मुंबई ११०० किलोमीटरहून अधिक आहे. भिलाई पोलाद कारखान्याच्या उभारणीपासून या पट्ट्यात स्थिरावलेली मराठी कुटुंबे पूर्वी सुटीत नागपूर, पुणे अथवा कोकणातील मूळ गाव गाठत असत. अलीकडे त्यांच्या पुढच्या पिढीला अंदमानचे, आणि तेथेही समुद्राखालच्या जगाचे आकर्षण वाटू लागले आहे. मात्र समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या पर्यटकाला ही सहल आखताना एक गोष्ट प्रारंभीच ध्यानात घ्यावी लागते. अशा सहलीचे वेळापत्रक पहिल्या दिवसापासून नव्हे, तर परतीच्या विमानापासून मागे मोजत आखायचे असते.

परतीचे विमान आणि रक्तातील नायट्रोजन

समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. पृष्ठभागावर तो एक वातावरण असतो, १० मीटरवर दोन, तर २० मीटरवर तीन. पाठीवरच्या सिलिंडरमधील हवा त्या त्या दाबाने फुफ्फुसात येते आणि हवेतील नायट्रोजन नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात रक्तात व ऊतींमध्ये विरघळतो. सावकाश वर आल्यास तो श्वासावाटे निघून जातो. म्हणूनच मिनिटाला सुमारे ९ मीटरपेक्षा अधिक वेगाने वर येऊ नये आणि पृष्ठभागापूर्वी ५ मीटरवर ३ मिनिटे थांबावे, असे शिकविले जाते. पाण्याबाहेर आल्यानंतरही काही नायट्रोजन शरीरात शिल्लक राहतोच. प्रवासी विमानातील हवेचा दाब साधारणतः १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा कमी ठेवलेला असतो. अशा विमानात लगेच बसल्यास उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सोड्याची बाटली उघडताच बुडबुडे येतात, तोच हा प्रकार. सांधेदुखी, त्वचेवर चट्टे, असाधारण थकवा, हातापायांना मुंग्या आणि क्वचित अर्धांगवायू अशी त्याची लक्षणे आहेत. या विकाराला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेने २००२ मध्ये घेतलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे पुढे आली. टप्प्याटप्प्याने थांबण्याची गरज न पडणारी एकच डुबकी घेतली असल्यास विमानापूर्वी किमान १२ तास, आणि एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डुबक्या घेतल्या असल्यास किमान १८ तास थांबावे, असे ती सांगतात. अनेक प्रशिक्षक सरसकट २४ तासांचा आग्रह धरतात. सुटीवर गेलेल्या माणसाने तोच मानावा, हे इष्ट.

हा नियम केवळ विमानाला लागू नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरच्या वर जाणाऱ्या रस्त्यालाही तो लागतो, याकडे महाराष्ट्रात फारसे लक्ष दिले जात नाही. कुम्हारीची मंडळी मालवणला जाताना अनेकदा गोंदियाहून सुटणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूर गाठतात आणि तेथून घाट उतरतात. परतताना सकाळी मालवणला डुबकी आणि दुपारी आंबोलीमार्गे कोल्हापूर असा बेत सहज आखला जातो. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. तेथे जाण्यापूर्वी एक रात्र किनाऱ्यावर काढावी. कोकण रेल्वेने मुंबईमार्गे परतल्यास कसारा घाट लागतोच, परंतु तोवर बरेच तास उलटलेले असतात.

घरी पोहोचल्यानंतर दोन दिवसांत वरील लक्षणांपैकी काही जाणवल्यास रायपूर वा भिलाईतील डॉक्टरांना समुद्रात डुबकी घेतल्याचे प्रथम सांगावे. समुद्रापासून इतक्या दूर सांधेदुखीच्या रुग्णाला हा प्रश्न कोणी आपणहून विचारणार नाही. शुद्ध प्राणवायू तातडीने देणे आणि शक्य तितक्या लवकर दाबकक्षात उपचार करणे, हा त्यावरील उपाय आहे.

कोणते बेट निवडावे

भारतात प्रवाळांमध्ये स्कूबा डायव्हिंगसाठी अंदमान आणि लक्षद्वीप हे दोन द्वीपसमूह प्रमुख आहेत. लक्षद्वीपची बेटे ही खरी कंकणाकृती प्रवाळद्वीपे असून तेथील खाजणे स्वच्छ व शांत असतात. मात्र भारतीय नागरिकांनाही प्रवेशपरवाना घ्यावा लागतो, प्रवास मुख्यतः कोचीहून विमानाने अगत्तीला अथवा जहाजाने करावा लागतो आणि राहण्याच्या जागा मोजक्या आहेत. कुम्हारीकरांच्या पहिल्या सहलीसाठी अंदमान अधिक सोयीचे, असे आमचे मत आहे.

अंदमानची राजधानी पोर्ट ब्लेअर हिचे सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम असे नामकरण झाले. त्यापूर्वी डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉक बेटाला स्वराज द्वीप आणि नील बेटाला शहीद द्वीप ही नावे देण्यात आली. आरक्षण करताना जुनी व नवी अशी दोन्ही नावे आढळतात. डायव्हिंगचे मुख्य केंद्र हॅवलॉक आहे. रायपूरहून विमानाने कोलकाता आणि तेथून पुढे, हा सरळ मार्ग. कोलकाता, चेन्नई व विशाखापट्टणम येथून प्रवासी जहाजेही जातात. समुद्रप्रवासाला तीन दिवसांच्या आसपास लागतात आणि फेऱ्या ठराविक वारी नसतात. तरीही ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी परतीसाठी जहाजाचा विचार अवश्य करावा, कारण जहाजात उंचीचा प्रश्नच उद्भवत नाही. विशाखापट्टणमला उतरून रायपूरची गाडी पकडता येते.

मालवणचा उल्लेख येथे करावाच लागेल. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पाण्यातील दृश्यता येथे अंदमानच्या तुलनेत बरीच कमी असते आणि पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. पण प्रशिक्षण मराठीतून मिळते. समुद्राची भीती बाळगणाऱ्या आई-वडिलांना प्रशिक्षकाची सूचना आपल्या भाषेत ऐकू येणे ही लहान बाब नव्हे.

किनाऱ्यावरून की बोटीवरून

किनाऱ्यावरून घेतलेल्या डुबकीत साहित्य अंगावर चढवून वाळूतून चालत पाण्यात शिरायचे असते. सिलिंडर, वजनाचा पट्टा आणि हवा भरण्याचे जाकीट मिळून वीस किलोच्या आसपास भार होतो. तळ हळूहळू खोल होत जातो, कान जुळवून घ्यायला अवधी मिळतो आणि घाबरल्यास उभे राहता येईल इतके पाणी जवळच असते. शिकणाऱ्यासाठी हीच जागा योग्य. हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यालगतची नीमो रीफ अशा डुबक्यांसाठी परिचित आहे. गैरसोय एवढीच, की हा किनारा उथळ आहे. ओहोटीला पाणी दूर जाते आणि खडक व प्रवाळ उघडे पडतात. कोकणातील कोळी ज्याला उधाण म्हणतात त्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास हा फरक सर्वाधिक असतो, तर अष्टमीच्या भांगाला सर्वात कमी. त्यामुळे प्रशिक्षक भरतीची वेळ पाहून बोलावतात. सकाळी अमुक वाजताच जायचे, असा हट्ट येथे चालत नाही. भिंतीवरची दिनदर्शिका पाहून तिथीनुसार दिवस निवडल्यास ते व्यर्थ जात नाही.

बोटीवरच्या डुबकीत अर्धा-एक तास समुद्रात जाऊन, काठावर बसून पाठमोरे पाण्यात पडावे लागते. प्रवाळ अधिक समृद्ध असतात, दृश्यता उत्तम असते. परंतु प्रवाह असू शकतो, बोट लागण्याची शक्यता असते आणि खर्चही वाढतो. हॅवलॉक परिसरात ॲक्वेरियम, लाइटहाऊस ही ठिकाणे नवख्यांना झेपणारी आहेत. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज यांची ख्याती मोठी असली तरी ती खोल आहेत. आदल्या दिवशी प्रमाणपत्र मिळालेल्याने तेथे नेण्याचा आग्रह धरू नये, आणि कोणी आपणहून नेऊ लागल्यास नकार द्यावा.

खोलीचा हवेशी असलेला हिशोब सोपा आहे. नेहमीच्या ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरलेली असते. ५० बार राखून ठेवले तर वापरायला सुमारे १६५० लिटर हवा उरते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या व्यक्तीला १० मीटरवर ४० लिटर लागते, म्हणजे हवा सुमारे ४१ मिनिटे पुरते. २० मीटरवर ६० लिटर लागल्याने तीच हवा सुमारे २७ मिनिटांत संपते. घाबरलेला माणूस याहून भराभर श्वास घेतो. उथळ पाण्यात अधिक वेळ, अधिक उजेड आणि अधिक रंग मिळतात, हे नव्यांना सहसा कोणी सांगत नाही.

अभ्यासक्रम, वय आणि प्रकृती

केवळ अनुभव म्हणून घेतलेल्या डुबकीत प्रशिक्षक सतत धरून असतो आणि मर्यादा साधारणतः १२ मीटरची असते. प्रमाणपत्राचा प्राथमिक अभ्यासक्रम तीन ते चार दिवसांचा असतो. त्यात खुल्या समुद्रातील चार डुबक्या येतात व त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाण्याची पात्रता मिळते. किमान वय १० वर्षे आहे, मात्र लहान मुलांसाठी खोलीची मर्यादा कमी असते. २०० मीटर न थांबता पोहणे आणि १० मिनिटे तरंगत राहणे ही प्रचलित कसोटी आहे. तिची तयारी हॅवलॉकला जाऊन करायची नसते. भिलाई अथवा रायपूरच्या जलतरण तलावात दोन महिने आधी सुरुवात करावी. सिद्धान्ताचा भागही घरबसल्या वाचून पूर्ण करता येतो. त्यामुळे बेटावरचा जवळजवळ एक दिवस वाचतो.

दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाच्या पडद्याचे वा सायनसचे विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांची लेखी अनुमती घ्यावी. पंचेचाळिशीपुढील व्यक्ती धूम्रपान करीत असल्यास अथवा तिला रक्तदाबाचा त्रास असल्यास तिच्याबाबतही हेच लागू आहे. गर्भवतींनी डुबकी घेऊ नये. सर्दी असताना कान जुळत नाहीत. त्या दिवशी किनाऱ्यावर बसणे उत्तम. अर्जावरील आरोग्यविषयक प्रश्नांना पैसे वाया जातील या भीतीने खोटी उत्तरे दिली जातात. ही सवय घातक आहे. प्रवासविमा घेताना स्कूबा डायव्हिंग त्यातून वगळलेले नाही ना, हे वाचून पाहावे. प्रशिक्षण देणाऱ्याकडे बोटीवर प्राणवायूचा संच आहे का आणि जवळचा दाबकक्ष कोठे आहे, हे दोन प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत.

आठ दिवसांचा एक आराखडा

अंदमानात डिसेंबरअखेर ते एप्रिल हा काळ अनुकूल समजला जातो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मान्सून असतो, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वादळांची शक्यता असते. पहिला दिवस पोर्ट ब्लेअरला पोहोचण्यात जातो. दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉक गाठून सायंकाळी उथळ पाण्यात सराव करावा. तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावरून आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बोटीवरून अभ्यासक्रमाच्या डुबक्या पूर्ण होतात. सहाव्या दिवशी दुपारपूर्वी शेवटची डुबकी घ्यावी. सातवा दिवस कोरडा ठेवावा आणि आठव्या दिवशी विमान. नील बेट याच आठवड्यात कोंबण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण हवामान बिघडल्यास बेटांमधील बोटी रद्द होतात आणि मग हाच कोरडा दिवस उपयोगी पडतो.

तो दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये रिकामा जात नाही. १९०६ मध्ये पूर्ण झालेले आणि १९७९ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झालेले सेल्युलर जेल तेथे आहे. विनायक दामोदर सावरकर १९११ ते १९२१ या काळात येथे कैदेत होते. मराठी पर्यटक पहिल्याच दिवशी तेथे धाव घेतात. डायव्हिंग करणाऱ्यांनी ते अखेरच्या दिवसासाठी राखून ठेवावे.

समुद्रात जाताना

खाऱ्या पाण्यातील मगरी अंदमानात आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यानजीक स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. खाडीच्या मुखाशी व खारफुटीजवळ लावलेल्या सूचनाफलकांचे पालन करावे आणि प्रशिक्षकाविना किनाऱ्यावरून डुबकी घेऊ नये.

प्रवाळ हे सजीव आहेत. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्राचे पाणी तापल्याने भारतीय सागरातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. जे उरले वा पुन्हा वाढत आहेत, त्यांना पायाच्या पंख्याचा एक फटकाही पुरेसा असतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळांना संरक्षण असून ते जवळ बाळगणे गुन्हा आहे. वाळूवर पडलेला मृत तुकडाही विमानतळावरील तपासणीत जप्त होऊ शकतो. तेव्हा भिलाईच्या शेजाऱ्यांसाठी भेट म्हणून काही न्यायचेच असेल, तर ते बाजारातील नारळाच्या करवंटीच्या वस्तूंपैकी निवडावे.