अपयशाची कैफियत

१७६१ मध्ये पानिपतावरून पेशव्यांचे सरदार मल्हारराव होळकर जिवंत परतले आणि होळकर घराण्याला अपयशाचा खुलासा देण्याची वेळ आली. पराभव साऱ्यांचाच होता. पण सेनापती सदाशिवरावभाऊंच्या वाट्याला दैव, छावणीतली उपासमार, विश्वासरावांना लागलेली गोळी अशी कारणे आली. मल्हाररावांच्या माघारीला कारण एकच: माणूसच तसला. गनिमी काव्याचा त्यांचा सल्ला धनगराची अक्कल म्हणून झिडकारला गेला, असेही सांगतात. होळकरांच्या बाजूचे लोक म्हणत, बायकामाणसे सुखरूप बाहेर काढायला भाऊंनीच सांगितले होते. खरेखोटे देव जाणे. भाऊ रणात पडले म्हणून त्यांना माफी, हे मान्य. पण मरणाआधीच्या चुकांचे काय?

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला इंग्रजांनी होळकरांचा पराभव केला, तेव्हा होळकर स्वतःच राजे होते. आता बोट दुसऱ्याकडे वळले: त्यांचाच सरदार गफूरखान फितूर झाला. पुढच्या मंदसौरच्या तहात त्याला जावरा मिळाल्यामुळे संशय घट्टही झाला. लढाईच्या आदल्याच दिवशी कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना होळकरांच्याच माणसांनी क्षिप्रेकाठी ठार केले होते, राजा जेमतेम अकरा वर्षांचा होता. पण घरातल्या या बेबंदशाहीपेक्षा फितुरी सांगायला सोपी.

त्याहून वरची पायरी १९२६ मध्ये दिसली. मुंबईत मलबार हिलवर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला होता. खटल्यात होळकरांच्या इंदूर दरबारची माणसे आरोपी म्हणून उभी राहिली, दोघे फासावर गेले. महाराज तुकोजीराव तिसरे यांच्यापुढे इंग्रजांनी चौकशी किंवा गादीत्याग असे दोन मार्ग ठेवले. त्यांनी मुलासाठी गादी सोडली. खुलासा द्यावाच लागला नाही.

राजवाड्याबाहेरही हाच न्याय. इंदूरचे गिरणीमालक सेठ हुकूमचंद यांच्या सट्ट्यातल्या उलाढाली इंदूर आजही धाडस म्हणून सांगते. गल्लीतला सट्टेबाज मात्र जुगारीच. सेठांच्या नावाची हुकूमचंद मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कंपनीच्या अपयशाला कोर्ट होते, लिक्विडेटर होता, कर्जाचा हिशेब होता. कामगाराला घरी विचारले जाई ते एवढेच: दुसरे काम का मिळत नाही? कामगारांचे थकलेले सुमारे २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३ मध्ये सुटले. तोवर कितीतरी कामगार वारले होते, आणि पैसे घ्यायला त्यांचे वारस होते.